‘टॉरिड’चं मराठी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी बातम्यांचं मराठी करताना एकाच आठवड्यात ‘टॉरिड’ हा शब्द तीनदा आडवा आला. क्रिकेटच्या वार्तापत्रात सलामीवीराचा ‘टॉरिड टाइम’, एका जुन्या अभिनेत्रीवरच्या लेखात ‘टॉरिड अफेअर’ आणि अर्थविषयक बातमीत गाड्यांच्या विक्रीचा ‘टॉरिड पेस’. शब्दकोशात ‘अतिशय उष्ण, रखरखीत’ एवढंच सापडतं. शाळेत आपण टॉरिड झोन म्हणजे उष्ण कटिबंध असं शिकलो. मग या तीन ठिकाणी उष्णता आली कुठून, आणि मराठीत लिहायचं काय?

मी तीसेक वर्षं अनुवाद करते आहे, त्यातली बरीचशी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. हा शब्द मलाही नडलेला आहे. सुरुवातीच्या काळात क्रिकेटच्या बातम्या करून करून ‘टॉरिड’ म्हणजे हाल, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. एका रात्रपाळीला अमेरिकी वृत्तसंस्थेची टेनिसची बातमी आली. एक खेळाडू ‘टॉरिड फॉर्म’मध्ये आहे, असं तिच्यात होतं. मी लिहिलं, ‘ती सध्या खडतर काळातून जात आहे.’ पुढच्याच परिच्छेदात तिने ओळीने जिंकलेल्या सामन्यांची यादी होती. पानं सोडायची घाई होती, ते तसंच छापून गेलं. सकाळी एका वाचकाचा फोन आला. जिंकणारी मुलगी खडतर काळातून कशी जाते, एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं. त्या दिवसापासून मी हा शब्द मुळापासून समजून घेतला, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. टॉरिडचा गाभा उष्णतेपेक्षा कोरडं पडण्यात आहे. लॅटिनमध्ये ‘तोर्रेरे’ असं क्रियापद होतं. वाळवणं, भाजणं, करपवणं हे त्याचे अर्थ. रोमन शेतकरी धान्य दळण्याआधी विस्तवावर भाजून घेत, त्यालाही हेच क्रियापद वापरत. त्यावरून ‘तोर्रिदुस’ म्हणजे वाळून, भाजून निघालेलं. 16 व्या शतकात हे विशेषण इंग्रजीत टॉरिड होऊन आलं.

याची भावंडं तुमच्या रोजच्या ओळखीची आहेत. ‘तोर्रेरे’चं भूतकाळवाचक रूप ‘तोस्तुस’, म्हणजे भाजलेलं. फ्रेंचमधून फिरून त्याचा झाला टोस्ट, आपल्या चहाबरोबरचा. दुसरं रूप ‘तोर्रेन्स’. भाजणारं, मग खदखदणारं, मग डोंगरावरून उसळत येणारं पाणी, असा त्याचा अर्थ सरकत गेला आणि इंग्रजीत टॉरेंट झाला. इटालियनमध्ये ‘तोर्रेन्ते’ म्हणजे पावसात दुथडी भरून वाहणारा आणि उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडणारा ओढा. सह्याद्रीत असे शेकड्यांनी आहेत, पण आपल्या पोरांना टॉरेंट माहीत आहे ते इंटरनेटवरून चित्रपट उतरवून घेण्यामुळे. ‘तेर्रा’ म्हणजे जमीन, हाही शब्द याच कुळातला मानतात: समुद्राच्या समोर ठेवून पाहिलेला कोरडा भाग. भूमध्य समुद्राच्या इंग्रजी नावात तोच बसला आहे.

आता आपल्या घरात या. या सगळ्यांच्या मुळाशी भाषाशास्त्रज्ञ जो धातू धरतात, तोच संस्कृतात ‘तृष्’ आहे. लॅटिनमध्ये जुन्या ‘र्स’चा ‘र्र’ होतो, म्हणून तिकडे ‘तोर्रेओ’, म्हणजे मी वाळवतो. संस्कृतात त्याच घडणीचं रूप ‘तर्षयामि’, म्हणजे मी तहानेला आणतो. इंग्रजीतला थर्स्ट आणि जर्मनमधला डुर्स्ट हेही त्याच धातूचे. संस्कृत ‘तृष्णा’, प्राकृतात ‘तण्हा’, आणि मराठीत ‘तहान’. म्हणजे टॉरिड आणि तहान एकाच मुळाचे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून माठातलं पाणी प्याले होते, इतका तो शब्द एकदम घशाजवळ आला.

हे कौतुक म्हणून सांगत नाही. याने पुढचं सगळं उलगडतं. एकच ‘कोरडं पडणं’ दोन दिशांना गेलं. आपल्याकडे ते माणसाच्या घशात शिरलं. घसा कोरडा, म्हणून तहान. तहान, म्हणून हवंहवंसं वाटणं. आणि मग कुठल्याही गोष्टीची न भागणारी ओढ. बुद्धांनी दुःखाचं कारण सांगताना जो शब्द वापरला तो पालीतला ‘तण्हा’ हाच. संस्कृतात नुसत्या ‘तर्ष’चाही अर्थ तहान आणि इच्छा असा दुहेरी आहे. म्हणजे कोरडेपणातून वासनेपर्यंतची वाट आपण फार आधी, देहाच्या आतून चालून गेलो होतो. पश्चिमेत तोच कोरडेपणा बाहेर राहिला, जमिनीवर. तिथून तो प्रेमापर्यंत पोचला, पण फार मोठा वळसा घालून. तो वळसा नकाशावरून जातो.

ग्रीकांनी पृथ्वीचे पाच पट्टे पाडले. ग्रीकमध्ये पट्ट्याला ‘झोने’ म्हणत, म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा. आपल्या भूगोलकारांनी ‘कटिबंध’ हा शब्द केला तो याच अर्थाला धरून: कटि म्हणजे कंबर, बंध म्हणजे पट्टा. इतकं चोख भाषांतर क्वचित होतं, आणि रोज वापरूनही आपल्याला त्यातली कंबर दिसत नाही. दोन्ही टोकांचे पट्टे गोठलेले, मधला भाजलेला, आणि त्यांच्यामधले दोन तेवढे माणसांना राहण्याजोगे. ॲरिस्टॉटलने मधला पट्टा उष्णतेमुळे वस्तीला नालायक ठरवला. रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरच्या काव्यात या पट्ट्यासाठी ‘विस्तवाने सदा तोर्रिदा’ असे शब्द वापरले, आणि तेच विशेषण त्या पट्ट्याला कायमचं चिकटलं.

हजार-दीड हजार वर्षं युरोपातले बहुतेक विद्वान हे मानून चालले. मग 15 व्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज खलाशी आफ्रिकेच्या किनाऱ्याने विषुववृत्त ओलांडून गेले आणि भाजून न निघता परत आले. त्याच वाटेने पुढे आलेल्यांनी 1510 मध्ये गोवा घेतला. तरी पुस्तकातली भीती जात नव्हती. होसे दे आकोस्ता नावाचा स्पॅनिश जेझुइट धर्मगुरू 1570 च्या दशकाच्या सुरुवातीला पेरूला निघाला. 1590 मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने लिहून ठेवलं आहे की, कवींचं आणि तत्त्वज्ञांचं वाचून त्याला वाटत होतं, विषुववृत्तावर उकाडा सोसवणारच नाही. प्रत्यक्षात मार्च महिन्यात, सूर्य डोक्यावर असताना, त्याला इतकं गार वाटलं की तो ऊब घ्यायला उन्हात जाऊन उभा राहिला. आणि तिथे त्याला ॲरिस्टॉटलच्या हवामानशास्त्राचं हसू आलं. या शब्दाच्या इतिहासातला हा माझा सगळ्यांत आवडता क्षण आहे. एक माणूस टॉरिड झोनच्या ऐन मध्यावर उभा आहे आणि कुडकुडतो आहे.

तो झोन म्हणजे कर्कवृत्त ते मकरवृत्त, उत्तर-दक्षिण साडेतेवीस अंश. महाराष्ट्र साधारण साडेपंधरा ते बावीस अक्षांशांत येतो. म्हणजे सिंधुदुर्गापासून नंदुरबारपर्यंत आपण सगळे, त्या जुन्या पंडितांच्या मते, जिथे माणूस जगूच शकत नाही तिथे राहतो. पडताळा घ्यायचा असेल तर मेच्या मध्यावर पुण्यात किंवा मुंबईत दुपारी साडेबाराच्या सुमाराला गच्चीत एक पाण्याची बाटली उभी ठेवा. सावली हळूहळू आखडत बाटलीच्या बुडाशी येते आणि मिनिटभर नाहीशी होते. जुलैच्या अखेरीलाही हे घडतं, पण तेव्हा ढग बघू देत नाहीत. सूर्य असा नेमका डोक्यावर येणं, हीच टॉरिड झोनची व्याख्या. लंडनमध्ये कुठल्याही दिवशी बाटलीची सावली अशी जात नाही.

लंडनचं नाव मुद्दाम घेतलं, कारण टॉरिडमध्ये ‘प्रणय’ शिरला तो थंड देशात बसून. 17 व्या शतकातच इंग्रजीत हा शब्द तापलेल्या मनाला, वासनेने पेटलेल्या माणसाला लावायला सुरुवात झाली होती. त्याच शतकात, 1667 मध्ये, इंग्रज कवी मिल्टनने आपल्या महाकाव्यात नरकातल्या हवेलाही टॉरिड म्हटलं. 18 व्या शतकात या सगळ्याला सिद्धान्ताचं रूप आलं. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने 1748 च्या ग्रंथात मांडलं की थंड हवेत माणूस कणखर होतो, आणि उष्ण हवेत तो आळशी, भित्रा आणि कामातुर होतो. उष्ण प्रदेशातले म्हणजे आपण. हा विचार युरोपात खोल रुजला आणि राज्य करणाऱ्यांना तो सोयीचाही होता. टॉरिड शब्दातली प्रणयाची धग अशा समजुतींवरही पोसली आहे, हे अनुवादकाने विसरू नये. एखाद्या जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनात ‘टॉरिड’ स्वभावाची बाई भेटली तर तिच्यामागे हा सगळा नकाशा उभा असतो.

20 व्या शतकात हे दोन्ही धागे एकत्र विणलेले पाहायचे असतील तर 1940 सालचा वॉर्नर ब्रदर्सचा ‘टॉरिड झोन’ हा चित्रपट आठवा. जेम्स कॅग्नी आणि ॲन शेरिडन, मध्य अमेरिकेतला केळीचा मळा. नाव भूगोलाचं, पण तिकीटबारीवरच्या कोणालाही त्यातला दुसरा अर्थ समजावून सांगावा लागला नसणार. तुमच्या लेखातलं ‘टॉरिड अफेअर’ याच हवेतून आलं आहे.

आता मराठीची बाजू. इथे माझं म्हणणं जरा ठाम आहे, कारण अनुवादात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. इंग्रजी ही थंड देशात वाढलेली भाषा. तिच्यात ऊब म्हणजे चांगलं. वॉर्म वेलकम, वॉर्म माणूस. गार माणूस म्हणजे कोरडा, प्रेम नसलेला. मराठी रणरणत्या उन्हात वाढली. आपल्याला सुख म्हणजे गारवा. मूल बऱ्याच दिवसांनी घरी आलं की आईचे डोळे निवतात. काळजी मिटली की जीव थंड होतो. आणि उष्णता म्हणजे त्रास: ताप, संताप, मनस्ताप, पश्चात्ताप. हे सगळे शब्द ‘तप्’ या एकाच धातूचे. ‘डोक्याला ताप’ म्हणताना आपल्या मनात थर्मामीटर नसतो. हल्ली वर्तमानपत्रांत ‘उबदार स्वागत’ दिसतं तेव्हा मला नागपूरचा मे महिना आठवतो आणि पाहुण्यांची काळजी वाटते.

प्रेमाच्या बाबतीत तर हा फरक फारच खोल आहे. इंग्रजीत दोघं भेटले की आग लागते. आपल्या परंपरेत आग लागते ती न भेटल्यामुळे. ज्ञानेश्वरांच्या विराणीतली विरहिणी म्हणते, ‘चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी’. चंदन हे अंगाला थंडावा देणारं द्रव्य. विरहात तेच भाजतं. कृष्ण भेटावा एवढीच तिची विनवणी आहे, कारण तो भेटला की सगळं निवणार. म्हणजे आपल्याकडे विरह म्हणजे दाह आणि मीलन म्हणजे शीतलता. ‘टॉरिड अफेअर’मध्ये मीलनच धगधगतं. शब्दाला शब्द ठेवायला गेलात तर दोन संस्कृतींतली आगच वेगवेगळ्या ठिकाणी लागलेली असते.

या ओळीतलं ‘पोळी’ हे क्रियापद नीट पाहा. पोळणं म्हणजे तव्याचा किंवा निखाऱ्याचा स्पर्श, कातडीला जाणवणारा. मराठीत उष्णतेचे किती बारीक प्रकार आहेत ते एकदा कागदावर लिहून काढा: पोळणं, भाजणं, करपणं, होरपळणं, तापणं, धगधगणं, रखरखणं, अंगाची काहिली, जिवाची तलखी, लाही लाही होणं. ‘लाही लाही’ तर थेट भट्टीतून आलं आहे. ज्वारीचा दाणा तापल्या कढईत तडतडून फुटतो, तसं अंगाचं होतं. यातले रखरख, करपणं आणि होरपळ हे टॉरिडच्या सगळ्यात जवळचे, कारण त्यांच्यात कोरडेपणा आहे. दुष्काळात पीक करपतं, उभं रान होरपळतं. शब्दकोशात ‘उष्ण’ लिहून मोकळं होणाऱ्यांनी नेमका हा कोरडेपणा गाळला.

म्हणूनच हवामानाच्या बातमीतही जपून. मुंबईचा मे आणि चंद्रपूरचा मे एक नाहीत. मुंबईत अंग चिकचिकतं, शर्ट पाठीला चिकटतो, पंखा लावून उपयोग होत नाही. तो उकाडा. त्याला इंग्रजी ‘सल्ट्री’ म्हणते. विदर्भात नवतपाच्या दिवसांत घाम येतो न येतो तोच सुकतो, ओठ फुटतात, धुतलेला टॉवेल दोरीवर दहा मिनिटांत कडक होतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ते टॉरिड. गंमत म्हणजे इंग्रजीने ‘सल्ट्री’लाही शृंगाराकडे नेलं, पण वेगळ्या तऱ्हेने. सल्ट्री आवाज, सल्ट्री नजर: ओलसर, जड, थबकलेली. टॉरिडमध्ये थबकणं नाही, तिथे काहीतरी जळून संपण्याच्या बेतात असतं.

याच ओळीतले आणखी दोन शब्द लगेच निपटते, कारण लोक त्यांची सरमिसळ करतात. ‘आर्डंट’ लॅटिनच्या ‘जळणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला, ‘फर्व्हंट’ हा ‘उकळणं’ या अर्थाच्या. जळणं, उकळणं, भाजणं, तिन्ही चुलीवरच्या क्रिया, पण तिघांचं वळण वेगळं. आर्डंट समर्थक म्हणजे कट्टर किंवा निस्सीम समर्थक. फर्व्हंट आवाहन म्हणजे कळकळीचं आवाहन. या दोघांत प्रतिष्ठा आहे, ते देवळातही चालतात. टॉरिड आवाहन कोणी करत नाही.

आता खेळाकडे. इथे शब्द फाटतो. ब्रिटिश इंग्रजीत ‘टॉरिड टाइम’ म्हणजे वाईट गत, दमछाक, हाल. यात उन्हात सापडलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं आहे: तो भाजून निघतो. अमेरिकी इंग्रजीत, विशेषतः बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या बातम्यांत, ‘टॉरिड’ खेळाडू म्हणजे तुफान खेळणारा. इथे खेळाडू स्वतःच सूर्य आहे, भाजणारा तो. पहिल्या वापरात शब्द सोसणाऱ्याकडे तोंड करून उभा, दुसऱ्यात जाळणाऱ्याकडे. माझ्या टेनिसच्या बातमीत मी नेमकं हे तोंड उलटं फिरवलं होतं. म्हणून आधी पाहायचं: बातमी कुठल्या देशातून आली, आणि वाक्यात ऊन कोणाला लागतंय.

ब्रिटिश अर्थाचा अस्सल नमुना हवा असेल तर एप्रिल 1976 मधली किंग्स्टनची सबिना पार्कवरची भारत-वेस्ट इंडीज कसोटी घ्या. खेळपट्टीवर चेंडू कुठून कसा उसळेल सांगता येत नव्हतं आणि समोर मायकेल होल्डिंगसारखे गोलंदाज. त्या काळी डोक्याला हेल्मेट नव्हतं. सुनील गावसकरांनी 66 केल्या. अंशुमन गायकवाड 81 वर खेळत असताना चेंडू त्यांच्या कानावर बसला आणि त्यांना मैदान सोडावं लागलं. ब्रिजेश पटेलांच्या तोंडावर लागला, गुंडाप्पा विश्वनाथांचं बोट जायबंदी झालं. कर्णधार बिशनसिंग बेदींनी 6 बाद 306 वर डाव सोडला. दुसऱ्या डावात 97 धावांवर 5 बाद झाले आणि पुढे फलंदाजीला यायला धड माणूसच उरला नव्हता, पाच जण जखमी. वेस्ट इंडीज 10 गडी राखून जिंकलं. या सामन्याबद्दल इंग्रज वार्ताहर ‘टॉरिड’ लिहील तेव्हा मराठीत ‘खडतर’ लिहून भागत नाही. खडतर म्हणजे चढण, दगडधोंडे. इथे माणसं होरपळली. ‘भारतीय फलंदाज होरपळून निघाले’ हेच वाक्य बरोबर. ते अतिशयोक्तही नाही आणि शब्दाच्या मुळालाही धरून आहे.

पण प्रत्येक ‘टॉरिड टाइम’ला होरपळ लावू नका. फुटबॉलमध्ये एखाद्या उजव्या बचावपटूला चपळ विंगरने तासभर नाचवलं, तर तिथे ‘त्याला घाम फोडला’, ‘त्याची दमछाक केली’ पुरतं. मोठा शब्द लहान प्रसंगाला वापरला की खऱ्या होरपळीला शब्द उरत नाही. तुमच्या सलामीवीराने, तुम्ही दिलेल्या मजकुराप्रमाणे, तीन डावांत मिळून 11 धावा केल्या आहेत आणि नव्या चेंडूसमोर तो चाचपडतो आहे. मी लिहीन, ‘दौऱ्यात नव्या चेंडूने त्याला पुरता तापवला आहे.’ किंवा ‘दौरा त्याला फार जड गेला आहे.’ पहिल्यात मूळ प्रतिमा राहते, दुसऱ्यात राहत नाही, पण दोन्ही मराठी आहेत. ‘त्याने उष्ण काळ अनुभवला’ हे कुठल्याच परिस्थितीत नको. संगणकी भाषांतरातून असली वाक्यं येतात आणि घाईत तशीच पुढे जातात.

‘टॉरिड पेस’ सोपा आहे. वेगाला लावलेलं टॉरिड म्हणजे अमेरिकी वळण: जोरात चाललंय, पण इतकं की असं फार दिवस चालेल का अशी शंका. मराठी बाजाराची भाषा इथे आयती मदतीला येते. आपल्याकडे भाव भडकतात, बाजार तापतो. ‘गाड्यांच्या विक्रीने घेतलेला भन्नाट वेग’ चालेल. बातमीत पुढे मागणी मंदावण्याचा इशारा असेल तर ‘तापलेली मागणी’ घ्या, म्हणजे ‘थंडावली’ म्हणायला जागा राहते.

राहता राहिलं ‘टॉरिड अफेअर’. ‘उत्कट प्रेमसंबंध’ हे मी स्वतः कितीतरी वेळा लिहिलेलं आहे आणि आता लिहीत नाही. उत्कट शब्दाला आपल्याकडे मान आहे. भक्ती उत्कट असते, कविता उत्कट असते. टॉरिड लिहिणाऱ्याला देह दाखवायचा असतो, चारचौघांतली चर्चा दाखवायची असते, आणि हे टिकणारं नव्हतं हेही सुचवायचं असतं. ‘उत्कट’ने यातलं सगळं धुऊन निघतं. ‘ज्वलंत’ नको, ते प्रश्नांना लागतं. ‘वादळी’ चालतं, पण त्यात भांडणं जास्त येतात आणि ओढ कमी. मी ‘धगधगतं’ घेते. तुमच्या लेखात ते प्रकरण चित्रपट पडद्यावर यायच्या आत संपलं असं आहे, म्हणून पूर्ण वाक्य असं करा: ‘चित्रीकरण सुरू असताना त्या दोघांचं प्रेमप्रकरण धगधगत होतं, चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ते विझलेलंही होतं.’

मूळ इंग्रजीत शेवटाला ‘कूल्ड’ असं क्रियापद आहे, हे तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात दिसलं. त्याला भुलून ‘निवलं’ लिहू नका. मराठीत जे निवतं ते सुखावतं. या दोघांचं विझलं.